आधी पायाचं माप, मग बूट

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की मुलं भर उन्हात घरी जातात. डांबरी रस्ता तोवर तापलेला असतो. अनवाणी मूल रस्त्याच्या मधून चालत नाही. ते कडेच्या गवतावरून चालतं, गवत संपलं की पळत सुटतं आणि कडुलिंबाच्या सावलीला पोचलं की एका पायावर उभं राहून दुसरा तळवा पोटरीला घासतं. बाभळीची सावली आली तर तिथे थांबत नाही, कारण खाली काटे असतात. २२ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवताना हे पळणं मी दरवर्षी पाहिलं. लांबून बघणाऱ्याला ती मुलं खेळत घरी चालली आहेत असंच वाटतं.

गरीब घरातल्या मुलांना सरकारने बूट द्यावेत का, हा प्रश्न महाराष्ट्रापुरता कागदावर सुटलेला आहे. २०२३ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे मिळतील. सुमारे ४४ लाख मुलं, प्रत्येकी १७० रुपये, आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीने करायची. निर्णय चांगला होता. त्याचं मी तेव्हाही मनापासून स्वागत केलं आणि आजही करते. पण मुलाला बूट देणं आणि मुलाच्या पायात बूट असणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणी मोजत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बूट हा डोकी मोजून द्यायचा जिन्नस नाही, तो पाय मोजून द्यायचा आहे. पायाचं माप न घेता दिलेला बूट हिशेबात दिसतो, मुलाच्या उपयोगाला येत नाही.

एके वर्षी आमच्या शाळेत बुटांची रक्कम दिवाळीनंतर आली. ऊसतोडीचा भाग. दिवाळी झाली की वस्त्या रिकाम्या होतात, नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, निघतो आणि घरात म्हातारं माणूस नसेल तर पोरंही सोबत जातात. हंगामी वसतिगृहात काही मुलं राहतात, सगळी राहत नाहीत. बूट आले तेव्हा माझ्या वर्गातली नऊ मुलं ऊसतोडीच्या फडावर होती. त्यांचे खोके आम्ही नावं लिहून कपाटात ठेवले. फडावर काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ऊस तोडल्यावर जमिनीलगत जो बुडखा राहतो तो तिरपा कापलेला असतो, भाल्यासारखा, आणि वर पाचट पसरलेलं असल्यामुळे दिसत नाही. मोठी माणसं सवयीने पाय जपून टाकतात. सात वर्षांचं पोर धाकट्या भावंडाला काखेत घेऊन त्यातून चालतं. बुटाची सगळ्यात जास्त गरज ज्या चार-पाच महिन्यांत होती, त्या महिन्यांत बूट कपाटात होता. एप्रिलमध्ये मुलं परत आली. नऊपैकी सहा जणांना तो बूट होईना.

यात कोणाची लबाडी नव्हती. माप जुलैमध्ये, तेही अंदाजाने घेतलेलं होतं आणि बूट हातात पडला एप्रिलमध्ये. प्राथमिक वयात मुलाचा पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो. आपल्याकडे चालणाऱ्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण साडेआठ मिलिमीटर आखूड बूट घालून दोन किलोमीटर चालून बघा.

दुसरा प्रकार याच्या उलट. पालक सांगतात, "बाई, एक-दोन नंबर मोठाच घ्या, दोन साल जाईल." त्यांचं चुकत नाही. पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री ज्याला नसते तो मोठाच मागणार. मग मुलं पुढे कागद कोंबतात. पावसाळ्यात कागदाचा लगदा होतो, टाच मागे घसरत राहते, फोड येतो, फोड फुटतो, आणि चौथ्या दिवशी मूल बूट हातात घेऊन अनवाणी शाळेत येतं. "बूट चावतो, बाई." चावणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरं, हा त्या मुलाने केलेला हिशेब अगदी बरोबर असतो. आपण मात्र त्यावरून निष्कर्ष काढतो की या पोरांना बुटाची सवयच नाही, यांना द्या कशाला.

"आम्हीही अनवाणीच शाळेत गेलो, काय बिघडलं?" हे माझ्या वडिलांच्या पिढीचं वाक्य आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं, कारण ते खोटं नाही. ते गेले, शिकले, मोठे झाले. पण हे वाक्य बोलायला जे उरले त्यांचंच आपण ऐकतो. विंचू चावून, काटा चिघळून, धनुर्वाताने जी मुलं गेली ती हे वाक्य बोलायला नाहीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, त्याआधी कोकणात लाल विंचू चावलेली कितीतरी लहान मुलं हाताशी लागत नसत. आणि जंतांचं काय? अंकुशकृमी माणसाच्या पोटात बहुतेक वेळा तोंडावाटे जात नाही, तो ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो आणि मूल पांढरंफटक पडतं. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मी स्वतः शेकडो मुलांना ती चावून खायला लावली आहे. गोळी पोटातला जंत मारते. त्याच संध्याकाळी मूल त्याच वाटेने अनवाणी परसाकडेला गेलं, तर गोळीचं काम किती दिवस टिकणार?

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. मणिपालच्या दोन डॉक्टरांनी, राव आणि जोसेफ यांनी, २३०० मुलांचे पाय तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चप्पल-बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं. अनवाणी चालण्याने पायाची कमान चांगली घडते हे खरंच आहे. पण यातून "बूट देऊ नका" असा अर्थ काढणं म्हणजे विंचू, काच, काटा आणि तापलेलं डांबर विसरणं. त्या अभ्यासातून मी वेगळा धडा घेते. बूट कसला, केवढा आणि किती वेळ घालायचा याला महत्त्व आहे. वर्गात, सारवलेल्या अंगणात, मातीच्या मैदानावर मुलांनी खुशाल अनवाणी बागडावं. रस्त्यावर, शेतात, शौचालयात त्यांच्या पायात काहीतरी हवं, आणि ते बोटं आवळणारं नको.

आपल्याकडे अनवाणी राहण्याला मान आहे. वारीत कित्येक जण अनवाणी चालतात, नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालण्याचं व्रत असतं. त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण व्रत करणाऱ्याची चप्पल घरी कोनाड्यात ठेवलेली असते. दहाव्या दिवशी ती घालता येते म्हणूनच ते व्रत असतं. ज्याच्या घरात चप्पलच नाही त्याच्या अनवाणी पायांना त्याग म्हणता येणार नाही.

आणि वहाणेला आपल्या समाजात आणखी एक इतिहास आहे. देशाच्या अनेक भागांत दलितांनी वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या असा रिवाज होता, आणि काही गावांत तो स्वातंत्र्यानंतरही बराच काळ टिकला. म्हणजे पायात काही असणं हीच एखाद्याची आगळीक ठरत होती. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण बायकांना आणि खालच्या मानलेल्या माणसांना जागा दाखवायला वापरली गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाच्या वहाणा शिवल्या, त्यांच्याच नातवंडांना शाळेत अनवाणी यावं लागतं हे मी पाहिलेलं आहे. म्हणून नवा बूट हा माझ्या लेखी नुसता आरोग्याचा विषय नाही. मूल पहिल्या दिवशी नवा बूट घालून येतं तेव्हा सारखं खाली बघत चालतं. लाजून नाही, बूट बघायला. मधल्या सुट्टीत ओढणीच्या टोकाने पुसतं. त्या दिवशी ते पुढच्या ओळीत बसतं.

त्यामुळेच बूट नवा हवा, असा माझा आग्रह आहे. शहरातली भली माणसं जुने बूट गोळा करून पाठवतात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण मी जुने बूट घ्यायचं बंद केलं. एका मुलाने वर्षभर घातलेला बूट त्याच्या पायाचा झालेला असतो. टाच एका बाजूने झिजलेली, आतला तळ त्याच्या बोटांचे खळगे घेऊन बसलेला. दुसऱ्या मुलाचा पाय त्यात घातला की त्याला पहिल्याच्या चालीने चालावं लागतं. सदरा, दप्तर, पुस्तक जुनं चालतं. वाढत्या पायाला दुसऱ्याचा झिजका बूट देऊ नये. आणि पिशवीत आलेल्या ५० जोड्यांतून ज्याला जो बसेल तो, असं वाटप झालं की सगळ्यात धीट मुलं बरे बूट उचलतात आणि मागे उभी राहणारी मुलगी दोन वेगवेगळ्या नंबरांचे बूट घेऊन घरी जाते. मी ती मुलगी पाहिली आहे.

वाटपाच्या कार्यक्रमांबद्दलही बोललं पाहिजे. फलक, सत्कार, नारळ, भाषणं, आणि शेवटी मुलांना बुटाचा खोका छातीशी धरून रांगेत उभं करून काढलेला फोटो. मोफत पाठ्यपुस्तकं शाळेच्या पहिल्या दिवशी मिळतात, तेव्हा गरीब मुलांना वेगळं काढून असा फोटो कोणी काढत नाही. खिचडीच्या ताटासोबतही काढत नाही. कारण ते हक्काचं आहे हे आता सगळ्यांनी मानलंय. बूट अजून त्या रांगेत आलेला नाही, तो अजून दान आहे.

दानाने काय होतं याचा एक अभ्यास लॅटिन अमेरिकेत झाला. एक बूट विकला की एक बूट गरीब मुलाला, अशी पद्धत २००६ साली टॉम्स या अमेरिकी कंपनीने सुरू केली. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल साल्वादोरच्या गावांमध्ये, काही गावांना बूट देऊन आणि काहींना न देऊन, परिणाम तपासले. मुलांना बूट आवडले, त्यांनी ते वापरले. पण आरोग्य, हजेरी, आत्मसन्मान यांत मोठा फरक दिसला नाही, आणि आपल्या कुटुंबाच्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात असं म्हणणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. फुकट बूट देऊ नयेत असं म्हणणाऱ्यांच्या हातातला हा सगळ्यात मजबूत पुरावा आहे, आणि तो मी गंभीरपणे घेते.

पण त्याचा अर्थ काय लावायचा? बुटाने हजेरी वाढते, गुण वाढतात असा दावा मी करत नाही. तसा दावा करून बूट मागायचीच गरज नाही. पाय भाजू नये म्हणून बूट हवा, एवढं कारण पुरेसं आहे. आपल्या स्वतःच्या मुलाला बूट घेताना आपण त्याच्या गुणपत्रिकेत काय फरक पडेल हे विचारतो का? राहिला परावलंबनाचा मुद्दा. अनोळखी परदेशी माणसाने अचानक येऊन दिलेली वस्तू आणि आपल्या गावच्या शाळेने दर जूनमध्ये ठरल्याप्रमाणे दिलेली वस्तू यांत फार फरक आहे. मोफत पुस्तकांवर शिकलेल्या लाखो मुलांना आपण परावलंबी म्हणत नाही. पुढच्या वर्षीही माझ्या मापाचा बूट मिळणार आहे, हे ज्याला माहीत असतं त्याला हात पसरावा लागत नाही, आणि दोन नंबर मोठा बूटही मागावा लागत नाही.

पुस्तक आणि बूट यांत एक मोठा भेद मात्र आहे. तिसरीचं पुस्तक तिसरीतल्या सगळ्या मुलांना एकच चालतं, पण तिसरीतल्या २५ मुलांचे पाय पाच-सहा नंबरांत पसरलेले असतात. म्हणून हा कारभार वरून चालवता येत नाही. २०२४-२५ साली "एक राज्य एक गणवेश" करून पाहिलं. कापड वरून, शिलाई बचत गटांकडून, आणि निम्मं वर्ष सरलं तरी कित्येक शाळांत गणवेश पोचलेच नव्हते, पोचले ते अंगाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. कपडा निदान उसवून, टीप घालून अंगासारखा करता येतो. बूट उसवून वाढवता येत नाही.

मग पैसे थेट पालकांच्या खात्यात का नको? उत्तर प्रदेशात तसं करतात. गणवेश, स्वेटर, बूट-मोजे, दप्तर, वह्या-पेन मिळून मुलामागे १२०० रुपये खात्यात जातात. ही पद्धत प्रामाणिक आहे, मधले हात कमी होतात. पण ज्या घरात दुकानाची उधारी थकली आहे तिथे आलेले पैसे आधी उधारीला जातात, आणि जायलाच हवेत. आईबापांना मी दोष देणार नाही. पोटापुढे पाय मागे राहतो. शिवाय तालुक्याच्या बँकेत एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. शाळेने पोरांना सोबत घेऊन, माप बघून, तालुक्यातल्या दुकानातून खरेदी करावी, हीच वाट मला बरी वाटते.

फक्त १७० रुपयांत ते होत नाही. त्यातून दोन जोडी मोजे वजा करा. उरलेल्या पैशात येणाऱ्या बुटाचा तळ दोन महिन्यांत अंगठ्यापाशी सुटतो आणि पोर पाय घासत चालायला लागतं. आमच्या तालुक्याच्या दुकानात वर्षभर टिकेल असा शाळेचा बूट ३०० च्या खाली मला कधी मिळाला नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२२ साली बुटांसाठी पहिली ते पाचवीला २६५, सहावी ते आठवीला २९५ आणि नववी-दहावीला ३२५ रुपये ठरवले. रक्कम जास्त आहेच, पण मला त्यातली समज जास्त आवडली. मोठ्या पायाला जास्त पैसे लागतात हे त्यांनी मान्य केलं, आणि नववी-दहावी सोडली नाही. आपल्याकडे पहिलीतल्या मुलाला आणि आठवीतल्या मुलाला एकच दर, आणि नववीत गेलं की योजनाच संपते. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेलं मूल तर यात कुठेच नाही. त्याला रोजचा काळा बूट लागतो, कवायतीच्या दिवशी पांढरा लागतो, आणि पांढरा नसला की मैदानाच्या कडेला उभं राहावं लागतं. फी माफ झाली तरी बुटांचा खर्च त्याच्या आईच्या धुण्याभांड्यांच्या पगारातूनच निघतो.

सगळीकडे काळा बंद बूटच कशाला, हेही विचारलं पाहिजे. कोकणात जूनपासून चार महिने बूट वाळतच नाही. ओल्या बुटात आणि ओल्या मोज्यात दिवसभर पाय राहिला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, खाजवून खाजवून कातडं सोलवटतं. तिथे मागे पट्टा असलेली रबरी सँडल बरी. ऊसपट्ट्यात जाड तळ्याचा बंद बूट हवा, आणि मुलांना शिकवायला हवं की सकाळी तो आपटून झटकल्याशिवाय पाय आत घालायचा नाही, कारण विंचू बुटातही बसतो. हे गावागणिक बदलणार, आणि ते ठरवायची मोकळीक गावालाच हवी.

बुटांची आपली मापंसुद्धा मुळात इंग्लंडहून आलेली आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या १ लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून "भा" नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली आहे. आपली मुलं बूट बोटांवर चावतो म्हणून तक्रार करतात तेव्हा त्यांच्या पायांची सवय तपासण्याआधी बुटाची रुंदी तपासावी.

माप घेणं अवघड नाही, म्हणूनच ते होत नाही याचा जीव जळतो. जुनं वर्तमानपत्र भिंतीला लावून जमिनीवर पसरायचं. मुलाला टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करायचं. दुपारनंतर, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. पेन्सिल उभी धरून कडेने रेघ मारायची, लांबी आणि रुंदी दोन्ही घ्यायच्या, जो पाय मोठा भरेल तो धरायचा आणि वर एक सेंटिमीटर सोडायचं. पन्नास मुलांचं काम एका दुपारी होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा, आणि फडावर जाणाऱ्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीआधी दुसऱ्यांदा. त्यांना बूट तेव्हाच द्यायचे, गाडीत बसायच्या आधी.

शेवटची काही वर्षं मी हे करत होते. मुलांना त्याची इतकी गंमत वाटायची की आपल्या पायाचा कागद घरी नेऊन ती आईला दाखवायची, आणि काही आया दुसऱ्या दिवशी धाकट्यालाही घेऊन यायच्या. ती वही अजून माझ्याकडे आहे. नाव, इयत्ता, डावा पाय, उजवा पाय, तारीख. दुसरीतल्या एका मुलीच्या नावापुढे जूनमध्ये १८.४ लिहिलेलं आहे आणि ऑक्टोबरमध्ये १८.८. तिसरा आकडा एप्रिलचा, फडावरून परत आल्यावरचा, १९.२. त्या वर्षी तिचा बूट दिवाळीआधी आला होता. माप घ्यायला तो काढायला सांगितला, तेव्हा तळ जवळजवळ गुळगुळीत झालेला होता आणि टाचेत उसाच्या पाचटाचं कुसळ रुतलेलं होतं. तिचा तळवा मात्र साफ होता.